घरी आणलेलं मैदान

जळगाव,
रविवार, दुपार

प्रिय अमृतभाऊ,

माझं हस्ताक्षर पाहून दचकू नकोस. पत्र बेबाबाईंच्या हाती देते आहे. अकरा वर्षं त्या आमच्याकडे कामाला होत्या, गुरुवारपर्यंत. आता तुझ्या शिरपूरलाच लेकीकडे राहायला चालल्या आहेत. पत्र वाचून झालं की मला फोन मात्र करू नकोस. घरात एकच फोन चालू असतो आणि तो यांच्याकडे असतो.

वहिनीचा गुडघा कसा आहे? इकडे आत्ताच ऊन एवढं आहे की दहानंतर रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. मेघाची बारावी झाली. पेपर बरे गेले म्हणते. प्रत्येक पेपरला हे केंद्राबाहेर गाडीत तीन तास बसून होते. दुकान नोकरांवर टाकून. दीपमाला, आमची शेजारीण, म्हणाली, असा बाप शोधून सापडायचा नाही.

मागच्या अंगणातल्या मैदानाचा फोटो तुला आलाच असेल, यांनी सगळ्या नातेवाइकांना पाठवला होता. पण ते कसं झालं हे तुला माहीत नाही. दिवाळीत मेघा तुझ्याकडे होती आणि तू तिला धुळ्याला निवड चाचणीला घेऊन गेलास. तिच्या गोलंदाजीवर तिथले सर खूश झाले, नाशिकच्या शिबिराला तिचं नाव लागलं. तू आनंदाने फोन केलास तेव्हा हे जेवत होते. ऐकून घेतलं, हसले, हात धुतला आणि म्हणाले, "अमृतभाऊंनी आधी विचारलं असतं तर बरं झालं असतं." एवढंच. मेघा परत आल्यावर तिला पेढा भरवला आणि म्हणाले, "नाशिकला कशाला जातेस? मैदानच घरी आणतो."

आम्ही दोघी किती हरखलो होतो, भाऊ! लिंबाचं आणि कढीपत्त्याचं झाड तोडलं तेव्हाही मी काही बोलले नाही. मुरूम पडला, खडी पडली, रोलर फिरला. मग हिरव्या प्लास्टिकच्या गवताच्या गुंडाळ्या आल्या, सतरंजीसारख्या उलगडून डिंकाने चिकटवल्या, त्यावर वाळू आणि रबराचे काळे दाणे पसरले. चारी बाजूंनी लोखंडी खांब आणि वरपर्यंत जाळी. बोळाकडचं मागचं दार विटांनी बुजवलं, चेंडू बाहेर जातो म्हणून. जाळीच्या फाटकाला कुलूप आलं, कुत्री शिरतात म्हणून. प्रत्येक गोष्टीला कारण होतं आणि प्रत्येक कारण बरोबर वाटत होतं. मेघाची स्कूटी विकली, कारण आता ग्राउंडवर जायचं नव्हतं. फोन काढून घेतला, कारण परीक्षा होती. परीक्षा संपली, फोन परत मिळाला नाही.

हे सगळं मी आधी पाहिलेलं होतं, तरी ओळखलं नाही. लग्नानंतर मी वर्षभर बालवाडीत शिकवत होते, आठवतं? तेव्हा यांनी वरच्या मजल्यावर मला शिवणाची खोली बांधून दिली. मोटारचं मशीन, मोठा आरसा, पंखा. "उन्हातान्हात दगदग कशाला?" म्हणाले. नूतनने नशीब काढलं, असं आई सगळ्या गल्लीत सांगत होती. शाळा कधी सुटली ते माझं मलाही कळलं नाही. यांनी वीस वर्षांत माझ्यावर कधी आवाज चढवला नाही, हात तर नाहीच. म्हणून कोणाला काय सांगायचं हेच मला सुचलं नाही.

जाळीच्या खांबावर एक कॅमेरा आहे. हे दुकानात बसून त्यातून बघतात आणि बोलतातही. भांडी घासताना मला अचानक अंगणातून आवाज येतो, "मेघा, बसलीस का? ऊठ." गेल्या बुधवारी मेघाने भिंतीपलीकडून दीपमालाच्या मुलीचा फोन मागून घेतला आणि धुळ्याच्या सरांशी दोन मिनिटं बोलली. यांनी ते पाहिलं. दुपारचे दोन वाजले होते. कॅमेऱ्यातून शांतपणे म्हणाले, "बूट काढ. मोजे काढ. मी थांब म्हणेपर्यंत पळ." ते गवत उन्हात तव्यासारखं तापतं, भाऊ. ती पळत होती आणि रडत नव्हती. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. पायरी उतरले नाही.

बेबाबाई उतरल्या. "माय वं, पोरीना पाय जळी गयात!" म्हणत त्यांनी पाण्याची बादली जाळीतून आत ओतली, किल्लीसाठी माझ्या अंगावर ओरडल्या. मग कुठे मी हलले. संध्याकाळी यांनी स्वतः मलम आणलं, मेघाचे पाय मांडीवर घेऊन हळुवार फुंकर घालत लावलं. "माझ्याशिवाय तुझं कोण करणार?" म्हणाले. तिने होकाराची मान हलवली. तिची ती मान बघून मला जी भीती वाटली, ती दुपारीही वाटली नव्हती. दुसऱ्या दिवशी बेबाबाईंना कामावरून काढलं.

येत्या पंधरवड्यात अक्षय्य तृतीया, आपली आखाजी आहे. तू मुराळी होऊन ये, मला माहेरी न्यायला. वहिनीला आण, काकांना आण, गाडीभर माणसं आण. चार लोकांसमोर हे कधीच नाही म्हणत नाहीत. मेघाला झोक्यासाठी न्यायचंय म्हण. तीन वर्षांपूर्वी तू असाच आला होतास, फाटकाशी थांबून विचारलंस, "नूतन, बरी आहेस ना?" मी हसून हो म्हणाले आणि तुला एकट्याला परत पाठवलं. खोटं बोलले होते. या वेळी मला काही विचारू नकोस, फक्त घेऊन चल. पिशवीत चार दिवसांचेच कपडे असतील, म्हणजे कोणाला शंका येणार नाही. पण आम्ही परत येणार नाही. मेघालाही हे अजून सांगितलेलं नाही. गाडी अगदी दारापर्यंत आण. तिला अजून नीट चालता येत नाही.

तुझीच,
नूतन