दोन अन् पाच

बालाघाट, मोटार स्टँड
वैशाख

प्रिय सत्यभामे,

तुझा निरोप आमच्या कंडक्टर तेजरामनं साऱ्या प्रवाशांसमोर मोठ्यानं सांगितला. "महागू, तुही बहीण म्हणते, नवरदेवाचा कान माहा दादाच पिळीन. तोवर हळद लावू देत नाही!" सगळे हसले. मीही हसलो, अन् सामान बांधायच्या निमित्तानं गाडीच्या टपावर जाऊन बसलो.

तुझ्या लग्नाची तारीख दोनदा पुढं गेली, ती माझ्यामुळे. पहिल्यांदा घरी यायलाच निघालो होतो गं. किरनापुरात गाडी थांबली, दंडारीच्या खेळाची ढोलकी ऐकू आली, जरा बघून येतो म्हणून उतरलो. दुसऱ्यांदा जबलपूरच्या ट्रकवाल्यानं हाक मारली. तिकडे नर्मदेचं पाणी काय हिरवं दिसतं, सांगतो तुला... जाऊ दे. माझं हे असंच होतं.

काल आमची लालबर्ऱ्याची गाडी नेहमीसारखी आपल्या गावाकडून येणाऱ्या लांजीच्या गाडीसाठी खोळंबली होती. टपालाची थैली आली होती, ड्रायव्हर बसला होता, सवाऱ्या घामानं निथळत होत्या. कॉलेजात शिकणारा एक प्रवासी धुळीत बोटानं आकडे काढू लागला. म्हणे, गाड्यांचं गणित निराळंच असतं. त्यात मिळवणं म्हणजे मोठा आकडा ठेवणं. एक गाडी दोनला आली अन् दुसरी पाचला, तर निघायचं पाचलाच. दोन अन् पाच, उत्तर पाच. त्यात रस्त्याचा वेळ घातला की गाडी पुढच्या गावी कधी पोचणार ते निघतं, अन् तिथं तिच्यासाठी थांबलेली गाडी कधी सुटणार तेही. तेजराम म्हणाला, "मंग बायकोनं दोन पोळ्या वाढल्या अन् मायनं पाच, तर मी पाचच खाऊ का, भाऊ?" तो कॉलेजवाला हसला. हे पोळ्यांचं नाही, वाट पाहण्याचं आहे, म्हणाला. जो लवकर आला, त्याचं लवकर येणं उत्तरात उरतच नाही.

माझ्या हातातलं क्लीनरचं फडकं तसंच राहिलं. मायनं हळद दळून ठेवली, बाबानं मांडवाचे बांबू आणले, नवरदेवाकडचे दोनदा तयार होऊन बसले. तुम्हा साऱ्यांचे दोन. पाच माझे एकट्याचे.

लांजीची गाडी रोज माझ्यासमोरून सुटते, अन् मी पाठ फिरवतो. कोणत्या तोंडानं चढू? येतो असं लिहिलं तर तू पुन्हा थांबशील, म्हणून ते लिहीत नाही. कान पिळायला काकाच्या शालिकरामला उभा कर, त्याची चिमूट माझ्याहून कडक आहे. मले हिशेबात धरू नको, बाई. हळद लावून घे. मी आलोच, तर शेवटच्या पंगतीच्या पत्रावळी उचलीन.

तुझाच, उशिराचा
महागूदादा