मधलं नाव

नागपूर, मार्च २०२१

आदरणीय व्याहीबुवा भैय्याजी यांना विश्वनाथ पौनीकराचा हात जोडून नमस्कार, आणि विहीणबाई यमुताईंना तोच नमस्कार, जरा जास्त वाकून. आपला गुडघा कसा आहे? यमुताईंची साखर? मृगाच्या संत्र्याला भाव बरा मिळत असेल अशी आशा करतो. घरात सगळे तोंडाला रुमाल बांधून असतात ना? बागेतही बांधावं. झाडाला काही होत नाही, पण तोडणीची माणसं कुठून कुठून येतात. इकडे मी बरा आहे. (म्हणजे रात्री झोप नाही, सकाळी पोट साफ नाही, मधल्या वेळात बरा असतो.) शिक्षण सातवीपर्यंत झालेलं, तेव्हा अक्षर पोटात घालावं.

रविवारी मेघाला आणि आपल्या नातीला, नूपुरला, पाठवतो, हा आपला निरोप मिळाला. इतका आनंद झाला की लगेच चिंता सुरू झाली. कारण त्याआधी एक गोष्ट सांगणं भाग आहे. दिवाळीनंतरच्या पत्रात मी लिहिलं होतं की आमच्या विक्रमची नोकरी चालू आहे, सध्या तो घरून काम करतो. हॉटेलातला स्वयंपाकी घरून काम कसं करतो, हे आपण विचारलं नाहीत, हा आपला मोठेपणा. (आपणही लिहिलं होतं की एस.टी. बंद असल्यामुळे मेघाला येता येत नाही. आपल्या काटोलची एस.टी. आमच्या गल्लीच्या तोंडावरून जाते. मीही विचारलं नाही.) खरं असं की मिहानकडच्या त्या हॉटेलचं स्वयंपाकघर दिवाळीतच बंद पडलं. मेघा सणाला आपल्याकडे माहेरी आली आणि त्याच आठवड्यात विक्रम घरी बसला. तिला सांगू नका म्हणाला, आणि मग मलाही काही सांगेना. आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून असायचा. जेवायला हाक मारली की यायचा, मी केलेली भाजी खायचा आणि उठून जायचा. माझ्या हातची भाजी खाऊन स्वयंपाकी माणूस एक शब्द बोलत नाही, तेव्हाच दुखणं मोठं आहे हे मी ओळखलं. त्याची आई असती तर तिनं त्याला बोलतं केलं असतं. मला ते येत नाही. मला फक्त विचारत राहता येतं.

संक्रांत झाल्यावर आमच्या वस्तीतल्या समाजभवनात रोजगार मदत केंद्र निघालं. ह्या रोगात ज्यांचं काम गेलं त्यांना काम शोधून द्यावं म्हणून प्रभागाला पैसा मंजूर झाला होता. त्यातून आधी बसायला खुर्च्या आल्या. खुर्च्या आल्या आणि एकत्र बसायला पुन्हा बंदी आली. मग उरलेल्या पैशातून फोन आले, आणि फोनवर बोलायला सोनिका नावाची मुलगी आली. (खुर्च्या एकीवर एक रचून ठेवल्या आहेत. मी खिडकीतून पाहिलं. चांगल्या आहेत.) मी विक्रमला म्हटलं, नाव देऊन ये. तो म्हणाला, "सारी वस्ती पाहून राहते बाबा, मी नाही जात." तिथं विषय संपला.

आणि एके सकाळी माझ्याच फोनवर केंद्रातून फोन आला. मला ऐकायला कमी येतं हे आपण जाणताच. (नूपुरच्या बारशाला आपण 'बसा' म्हणालात आणि मी बराच वेळ हसत उभा राहिलो.) ती मुलगी म्हणाली होती, विक्रम विश्वनाथ पौनीकर बोलता का? त्यातला विक्रम माझ्या कानापर्यंत पोचलाच नाही. विश्वनाथपासून पुढचं ऐकू आलं, ते माझंच होतं, मी हो म्हटलं. तिनं हॉटेलचं विचारलं तेव्हा घोळ लक्षात आला. चूक सांगणारच होतो, पण तेवढ्यात ती म्हणाली, "विक्रमजी, आज तुम्हाला कसं वाटून राहिलं?" भैय्याजी, हा प्रश्न आमच्या घरात कित्येक दिवसांत कोणी कोणाला विचारला नव्हता. मी विचारायचो ते जेवला का, झोपला का, फोन का आला नाही. मी म्हटलं, बरं नाही वाटत. तिथं मी फसलो. विक्रमचं नाव केंद्रात कोणी दिलं, हे मात्र कळेना. सरकारला सगळं माहीत असतं, अशी समजूत करून घेतली.

मग ती एक दिवसाआड फोन करू लागली. फोन येण्याच्या वेळेला मी तो घेऊन न्हाणीघरात जाऊन बसायचो. माझी सगळी नोकरी टॉकीजच्या दारावर गेली. अंधारात बॅटरी दाखवून लोकांना खुर्चीवर बसवलं आणि पडद्यावरचे लोक दुसऱ्याचं बोलणं आपलं म्हणून कसं बोलतात ते रोज पाहिलं. हे काम इतकं सोपं असेल असं वाटलं नव्हतं. ती विचारायची, घरात कोण आहे? मी म्हणायचो, वडील. कसे आहेत? मी म्हणायचो, फार चांगले आहेत, थोडी काळजी करतात. ती म्हणाली, "थोडी?" आणि मग काय झालं कोण जाणे, मी माझ्याविरुद्ध बोलायला लागलो. सांगितलं की वडील घटकेघटकेला दाराशी येऊन झोपला का विचारतात, आणि झोपलेल्या माणसाला उठून हो म्हणावं लागतं. शेजारच्याचा मुलगा कसा कामाला लागला ते जेवताना सांगतात. गेलेल्या नोकरीचा विषय काढायचा नाही असं ठरवून रोज काढतात. बोलत गेलो आणि सगळं खरं निघालं. ती म्हणाली, तुमच्या बाबांना काहीतरी काम द्या, डाळ निवडायला द्या. त्या दिवसापासून मी डाळ निवडतो.

एकदा म्हणाली, बाबांनाच द्या फोन. आता बाबा कुठून आणायचे? मी फोन लांब धरला, न्हाणीघराचं दार वाजवलं, आणि आवाज म्हाताऱ्याचा वाटावा म्हणून आधी भरपूर खोकलो. (माझा आवाज म्हाताऱ्याचाच आहे, हे मला तेव्हा सुचलं नाही.) खोकला ऐकताच ती घाबरली. दुसऱ्या दिवशी सकाळी पायापासून डोक्यापर्यंत पांढरे कपडे घातलेली दोन माणसं दाराशी आली. समोरच्या शोभाताईंनी खिडकी लावली, मग फटीपुरती उघडली. एक माणूस मोठ्यानं म्हणाला, विक्रम पौनीकर यांनी वडिलांच्या खोकल्याबद्दल कळवलं आहे. आतून विक्रम आला. कितीतरी दिवसांनी तो उंबरठ्यापर्यंत आला होता. म्हणाला, "मी? मी कवा कळवलं?" माझ्या नाकात काडी होती म्हणून मी उत्तर दिलं नाही.

मग सगळं सांगितलं. तो चिडेल असं वाटलं होतं. तो भिंतीला टेकून ऐकत राहिला आणि म्हणाला, "माह्या नावानं तुम्ही रडले काय तिच्यापाशी?" मी म्हटलं, दोनदा. "मी येवढा रडका हाय काय गा?" म्हणाला, आणि हसला. रिपोर्ट येईपर्यंत मला बाहेरच्या खोलीत वेगळं राहायला सांगितलं होतं. चुलीपाशी जायची बंदी. मी पडून होतो आणि मनात सगळी मांडामांड चालू होती, माझ्यामागे ह्याला कोण, आपल्याला कोण कळवेल, मेघा येईल का. आतून भांड्याचा आवाज आला. विक्रम गोळाभात करत होता. नोकरी गेल्यापासून त्यानं गॅस पेटवला नव्हता. हिंग-लसणाची खमंग फोडणी माझ्या नाकात शिरली आणि मला कळलं की मला तो रोग नाही. रिपोर्ट नंतर आला.

पुढचा फोन विक्रमनं स्वतः घेतला. सोनिकाला आवाज तरुण झाल्यासारखा वाटला, म्हणाली, बरं वाटून राहिलं वाटतं. पैसा पुन्हा मंजूर झाला होता आणि वाढलेल्या रोग्यांसाठी उघडलेल्या उपचार केंद्राच्या स्वयंपाकघरात स्वयंपाकी हवा होता. तिथंच राहायचं, घरी यायचं नाही. मी नको म्हटलं. इतके महिने नोकरी लागू दे म्हणून देवाला त्रास दिला, आणि लागली तेव्हा दारात आडवा उभा राहिलो. विक्रम म्हणाला, "तिथं लोकाईच्या तोंडाले चव नाही बाबा. त्याईले खाऊ घालणारा पाहिजे का नाही?" सुऱ्या फडक्यात बांधल्या आणि गेला. भैय्याजी, पोरगं भिंतीकडे तोंड करून घरात होतं तेव्हा त्याला काही होणार नाही एवढी तरी खात्री होती.

तेव्हा आपला जावई खोटारडा नाही. खोटं मी लिहिलं. राग माझ्यावर करावा. नूपुरला गोड पापा.

आपला,
विश्वनाथ

ता. क. हे सगळं लिहिण्याचं खरं कारण असं, की रविवारी मेघाला आणि नूपुरला पाठवू नये. शहरात रोज आकडा वाढतो आहे आणि विक्रम घरी नाही. घर दोन खोल्यांचं आहे आणि त्यातल्या एकीत माझी काळजी राहते. मेघाला यातलं काही सांगू नये, ती घाबरेल.

दुसरा ता. क. आताच विक्रमचा फोन आला. वरचं त्याला वाचून दाखवलं. तो म्हणतो, मेघाला नोकरी गेल्याचं पहिल्यापासून माहीत आहे, हॉटेलातल्या कोणीतरी कळवलं होतं. ह्यानं आपल्या तोंडानं सांगावं म्हणून ती तिकडे थांबली होती. रोजगार केंद्रात त्याचं नाव काटोलहून तिनंच नोंदवलं. फोन नंबर माझा दिला. म्हणाली, हे उचलणार नाहीत, बाबा उचलतातच. परवा ह्यानं तिला स्वयंपाकघरातून सगळं सांगितलं, आणि म्हणून तिनं रविवार ठरवला. म्हणजे ठाऊक नव्हतं ते आपल्या दोघांनाच. (आपल्यालाही ठाऊक असेल तर तसं कळवू नये.)

तिसरा ता. क. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात सोनिकाचा फोन आला. काम लागलेल्या माणसाची काही दिवस चौकशी करायची, त्याचाही पैसा मंजूर आहे. तिनं विचारलं, विक्रम विश्वनाथ पौनीकर बोलता का? ह्या वेळी सगळं ऐकू आलं. मी म्हटलं, "नाही वं बाई. त्यातलं मधलं नाव बोलून राहिलं." ती म्हणाली, "मग बाबा, तुम्हाला कसं वाटून राहिलं?" विक्रमच्या नावानं इतके दिवस भराभर उत्तरं दिली, माझ्या नावानं एक सुचेना. शेवटी तोंडातून निघालं, रविवारची वाट पाहून राहिलो. तेव्हा पहिला ताजा कलम खोडला आहे असं समजावं. एस.टी.त नूपुरला खिडकीची जागा द्यावी आणि काच उघडी ठेवावी. (खोडलेला नाही, कारण काळजी तशीच आहे.)