अण्णांचं वारं

४ ऑगस्ट, सोमवार
ड्रोन आला! टेम्पोतून उतरवताना सगळी गल्ली गोळा झाली. श्रीरामपूरला ट्रेनिंगमध्ये पंधरा दिवस उडवलाय, पण आपल्या दारात बघताना वेगळंच वाटलं. आईनं त्याच्या पात्यांवरून हात फिरवला. अण्णा मात्र म्हशीला पाणी पाजायला निघून गेले.
तीस वर्षं पाठीवर पंप घेऊन गावाची फवारणी त्यांनीच केली. आता त्यांचंच काम मी करणार. त्यांना काय वाटेल, हे आधी का नाही सुचलं मला?

६ ऑगस्ट
अंगदरावांचं एक एकर सोयाबीन दहा मिनिटांत उरकलं! अण्णांचा अर्धा दिवस जायचा. घरी येऊन सांगितलं.
"चांगलं हाय," म्हणाले. जेवले, उठले.

७ ऑगस्ट
पाऊस. काम बंद.

९ ऑगस्ट, शनिवार
शेवटी आईच बोलली. "पोरगी एकटी जाती. तुमी बी जावा की संगं."
"मी काय करू तिथं?"
मी म्हटलं, औषध कालवायला माणूस लागतो. खोटं नाही ते. आले! गाडीवर मागं बसून, औषधाचा डबा मांडीवर घेऊन.

१२ ऑगस्ट
आजचं नीट लिहून ठेवते. ट्रेनिंगच्या निकिता मॅडम चार नव्या मुलींना घेऊन काम बघायला आल्या होत्या. भागवतकाकांचं रान. स्क्रीनवर सगळं ठीक. ड्रोन वर गेला, दोन फेऱ्या झाल्या— आणि अण्णा ओरडले, "यशू, उतरव! वारं फिरतंय!"
मॅडमसमोर! असा राग आला मला. पण उतरवला.
पाच मिनिटांत वारा सुटला तो थेट गोजरबाईंच्या तुतीकडे. तोच पाला त्यांचे रेशमाचे किडे खातात. त्यावर औषध उडालं असतं तर एकही किडा वाचला नसता. गोजरबाई बांधावर आल्या, अण्णांना म्हणाल्या, "उत्तमराव, लई उपकार झाले बघा."
मॅडमनी विचारलं, "तुम्हाला आधी कसं कळलं?"
"कडंची पानं उलटी दिसाय लागली. पांढुरकी."
मग बोलतच राहिले. कोणत्या पिकाला कधी फवारायचं, कधी हात आवरायचा. मुली वहीत उतरवून घेत होत्या. अण्णांना एवढं बोलताना मी कधी ऐकलंच नव्हतं.

१६ ऑगस्ट
तीन रानं झाली. अण्णा आधी बांध फिरून येतात, विजेच्या तारा बघतात, झाडं बघतात. मग हात वर करतात. तोवर मी बटणाला बोट लावत नाही. दुपारी लिंबाखाली एकाच डब्यात दोघं जेवलो. मेथीची भाजी. मजेत गेला दिवस.

२१ ऑगस्ट
मॅडमचा फोन. नव्या बॅचला वारं, पीक, औषधं शिकवायला माणूस हवाय, सोमवारपासून. मी लगेच म्हटलं— येते मॅडम!
त्या हसल्या. "तू नाही गं. उत्तमराव सर."