पूल झाला त्या दिवशीचं जेवण

बाबा,

आज शुक्रवार, सुट्टीचा वार. तुमचे जावई जेवून आडवे झालेत आणि मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून तुम्हाला लिहितेय. तुमचं लिहिणंवाचणं सही करण्यापुरतं होतं आणि तुम्हाला जाऊन तीसेक वर्षं झाली, तेव्हा या कागदाचा तुम्हाला काही उपयोग नाही हे मला कळतं. पण एक गोष्ट मला इतक्या उशिरा उमगली आहे की ती तुमच्याखेरीज कुणाला सांगावी ते सुचत नाही. मी नोकरी सोडली. साठी उलटली होती तरी हॉस्पिटलने आणखी एक वर्ष देऊ केलं होतं, इतकंच काय, मुदतवाढीसाठी माझे कागद पुढे पाठवायची तयारीही केली होती. ते मी नको म्हटलं. आणि नको म्हणताना माझ्या डोळ्यांसमोर तुमचं एक जेवण होतं.

तुम्ही दोहा पाहिलं नाहीत. मी इकडे यायच्या आदल्या वर्षीच तुम्ही गेलात. आम्ही बिन महमूदला राहतो, चौथ्या मजल्यावर, खाली केरळी माणसाचं हॉटेल आहे आणि पहाटेपासून डोशाचा वास वर येतो. मी हाडांच्या वॉर्डात होते. तिथे माणसं पडून असतात, कुणाचा पाय वर टांगलेला, कुणाची कंबर बांधलेली, त्यामुळे पाण्याच्या घोटासाठीसुद्धा त्यांना बेल वाजवावी लागते. परांचीवरून पडलेला बिहारचा मुलगाही तीच बेल वाजवतो आणि मांडीचं हाड मोडलेले इथले शेखही तीच वाजवतात. समुद्र आहे इथे, पण आपल्यासारखा नाही, चिखल नाही, तिवरं नाहीत, भरती आली कधी आणि गेली कधी ते कळत नाही. संध्याकाळी आम्ही कॉर्निशवर, समुद्राकाठच्या रस्त्यावर, फिरायला जातो. तिथे लोकांना हौसेने फिरवून आणणाऱ्या लाकडी होड्या असतात, आणि होडीवाला काठावर उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याला हाका मारत असतो, यल्ला, यल्ला, म्हणजे चला, चला. पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा मी तिथेच उभी राहून हसले. तुम्ही जन्मभर माणसांच्या हाकेला धावलात, आणि इथे होडीच माणसांना हाका मारतेय. ही गंमत तुम्ही आईला आठवडाभर सांगितली असती.

आपल्या खाडीवरची तर, माणसांना होडीतून पलीकडे पोचवायचं काम, आजोबांपासून आपल्या घराकडे होती. गोऱ्या साहेबाचं राज्य होतं तेव्हा दरवर्षी कचेरीत तरीचा लिलाव व्हायचा आणि आजोबा मक्ता घ्यायचे. तुम्ही मिसरूड फुटायच्या आधीपासून त्यांच्यासोबत वल्हं मारत होतात. त्या काळातली तुमची आवडती गोष्ट म्हणजे साहेबाची. पाहणीला आलेला एक साहेब पलीकडच्या काठावरून हाका मारत होता, वारा उलटा होता, त्याची हाक त्याच्याच तोंडात परत जात होती आणि इकडे आजोबा निवांत जेवत होते. तेवढ्यात ओहोटी लागली, होडी चिखलात बसली आणि साहेबाला भरती येईपर्यंत डास मारत बसावं लागलं. पुढच्या खेपेला त्याने मुंबईहून बोटीने आगगाडीच्या रुळाचा तुकडा मागवला आणि पलीकडच्या उंडीच्या झाडाला टांगून ठेवला, शेजारी एक हातोडी. ज्याला अलीकडे यायचं असेल त्याने रूळ वाजवायचा. आपल्या गावाने तेव्हा आगगाडी पाहिली नव्हती, रूळ मात्र पाहिला. तुम्ही गोष्ट संपवताना दर वेळी म्हणायचात, "साहेब गेला, रूळ तेवढा ठेवून गेला." स्वातंत्र्य मिळालं त्या दिवशी सगळं गाव झेंडा बघायला तालुक्याला गेलं, तुम्ही सकाळभर त्यांना पोचवत राहिलात आणि संध्याकाळी परत आणत राहिलात. झेंडा काही तुम्हाला दिसला नाही. हे सांगतानाही तुम्ही हसायचात, आणि मला वाटायचं, यात हसण्यासारखं काय आहे.

त्या रुळावर आपलं घर चालायचं. आई तुम्हाला कधी पूर्ण वाढायची नाही. अर्धा भात ताटात, अर्धा चुलीच्या वैलावर गरम. पूर्ण वाढलं आणि रूळ वाजला तर अन्न ताटात निवून जातं, म्हणून तिने लग्न होऊन आल्या आल्या ही रीत काढली होती. तुम्ही चार घास घ्यायचात, पलीकडून टणटण ऐकू यायचं, तुम्ही हात धुवायचात आणि निघायचात. आई ताटावर ताट पालथं घालायची. मी लहान होते तेव्हा मला वाटायचं सगळ्यांचेच बाप असेच दोन तुकड्यांत जेवतात. मैत्रिणीच्या घरी तिच्या वडिलांना एका बैठकीत जेवून, वर पाणी पिऊन, ढेकर देताना पाहिलं तेव्हा मी बघतच राहिले.

एकदा तुम्हाला ताप होता. दोन दिवसांनी तुम्ही पहिल्यांदा भाताला हात लावला होता, कुळथाची पिठी होती, आणि रूळ वाजला. मला तो ऐकू आला होता, तुम्हाला अजून आला नव्हता. मी उठले आणि उखळात मुसळ घालून धपाधप कांडायला लागले. उखळात दाणा नव्हता. आई माझ्याकडे बघत राहिली. तुम्ही आणखी दोन घास घेतलेत, मग तुमचा हात थांबला. तुम्ही मला मारलं नाहीत, आवाजही चढवला नाहीत. हात धुताना एवढंच म्हणालात, "पलीकडं माणूस उभा हाय गो बाय. त्यालाबी घर हाय." तो माणूस म्हणजे काखेत कोंबडा धरलेला एक म्हातारा होता आणि त्याला काडीचीही घाई नव्हती, हे तुम्हीच नंतर सांगितलंत. पण ते तुमचं वाक्य माझ्या अंगात मुरलं. नर्सिंगला गेले तेव्हा तेच माझ्या मनात होतं, आणि इथे इतकी वर्षं कुणाची बेल वाजली की मी तेच ऐकत आले. वॉर्डात मी डबा अर्धाच काढून घ्यायची, अर्धा मायक्रोवेव्हजवळ झाकलेला. चहा अर्धा कप. सोबतच्या मुली विचारायच्या, सिस्टर, डाएट का. मी हो म्हणायची.

आणि मग पूल झाला. मी दहावीला होते. मंत्री आले, ताशे वाजले, फीत कापली, आणि पहिली एस.टी. पलीकडे जाणार तिच्यात कुणीतरी तुम्हाला मानाने खिडकीशी बसवलं. मी गर्दीत उभी होते आणि मला तुमच्याकडे बघवत नव्हतं. ज्या पाण्यावर तुमचा जन्म गेला त्याच्यावरून तुम्ही तिकीट काढलेल्या पाव्हण्यासारखे चालला होतात. मी घरी येऊन भिंतीकडे तोंड करून रडत बसले. तुम्ही दुपारी आलात. आईने पान मांडलं आणि त्या दिवशी पहिल्यांदा ताटात पूर्ण भात वाढला, शीग लावून. तुम्ही म्हणालात, एवढा? आई म्हणाली, आता कोण येतंय हाक मारायला. तुम्ही जेवायला बसलात. सावकाश, भात, मग पुन्हा भात, सुकटीची चटणी, मग ताकभात. ताट बोटाने पुसून घेतलंत. आणि माझ्याकडे वळून म्हणालात, "आज जेवलो गो."

मी ते ऐकलं आणि आणखी रडले. मला वाटलं तुम्ही आईला बरं वाटावं म्हणून बोलताय. मग तुम्ही जे झोपलात ते दिवे लागेपर्यंत. मला वाटलं हा खचलेला माणूस. पुढे तो रूळ शाळेने घंटा म्हणून आणला, आणि शाळा सुटली की टणटण ऐकून तुम्ही जागच्या जागी अर्धे उठायचात, मग ध्यानात यायचं, आणि हसून परत बसायचात. ते मला बघवायचं नाही, मी उठून मागच्या दारी जायची. तुम्ही होडी ठेवून घेतलीत, मनाला येईल तेव्हा जाळं घेऊन जायचात, घरी ताजी मासळी यायची, तुमच्या अंगावर मांस चढलं. हे सगळं मला दिसत होतं. तरीही मी माझ्या लेकीला, इथल्या मैत्रिणींना, तुमच्या जावयांनासुद्धा ही गोष्ट सांगितली ती एकाच तऱ्हेने, की माझ्या बाबांची तर पुलाने गिळली आणि त्यांचा जीव तिथेच संपला. फार परिणाम व्हायचा ऐकणाऱ्यांवर.

या वर्षी माझी निवृत्तीची वेळ आली. हेड नर्सने बोलावून सांगितलं, एक वर्ष आणखी राहा, इन्शाल्ला सगळं होऊन जाईल, तुमच्यासारखी माणसं मिळत नाहीत. रविवारपर्यंत उत्तर हवं होतं. माझे गुडघे दुखतात, उभ्याने झोप येते, पण नाही म्हणायला तोंड उघडेना. नाही म्हणायचं म्हणजे पलीकडे माणूस उभा आहे आणि आपण कानावर हात ठेवायचे. तुमच्या घरात जन्मून हे कसं करू? लेक इथल्याच अल हिलालहून आली, माझं सगळं ऐकून घेतलं. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत येतं. "आई, जस्ट से नो," ती म्हणाली, जणू भाजी नको म्हणायची आहे. तुमच्या जावयांनी गुडघ्याला लावायचं मलम आणून ठेवलं. मी दोन रात्री कुशी बदलत काढल्या आणि मनाशी ठरवलं की हो म्हणायचं.

त्याच आठवड्यात दुपारी मी पँट्रीत डबा उघडून बसले होते. अर्धाच काढला होता. दोन घास झाले आणि बेल वाजली. मी उठायला लागले, गुडघा कटकन बोलला, आणि समोर बसलेल्या नव्या मुलीने, कोट्टयमची आहे, महिनाही झाला नाही तिला येऊन, माझ्या खांद्यावर हात ठेवला. "सिस्टर, आप खाओ. मैं जाती हूँ." आणि ती गेली. भरभर, हलक्या पायांनी. बेल थांबली. मी अर्धी उठलेली होते, ती परत बसले. बाबा, काय सांगू, सगळं अंग सैल झालं. खांदे, मान, पोटाच्या आत कुठेतरी कायमची आवळलेली गाठ होती तीसुद्धा. आणि मला हसू आलं. त्या हसण्यासरशी मला तुम्ही दिसलात, शाळेच्या घंटेला अर्धे उठून परत बसणारे. तुमच्या तोंडावर तेच हसू होतं. माझ्या तोंडावर जे होतं तेच. त्यात दुःखाचा टिपूसही नव्हता. पलीकडच्या माणसाला घर होतं, ते तुम्ही कधी विसरला नाहीत, पण तो आता पुलावरून आपल्या पायांनी घरी जात होता आणि तुम्ही सुटला होतात. जेवलो म्हणालात ते जेवलात म्हणूनच. इतकं साधं होतं, आणि मी जन्मभर त्याचं रडगाणं केलं. मी उरलेला अर्धा डबाही तिथेच काढून घेतला आणि खाल्ला.

रविवारी सकाळी जाऊन मी नको म्हणून सांगितलं. हेड नर्सने कारण विचारलं, मी गुडघे पुढे केले. ते खोटं नव्हतं. आता इथून महिन्याभरात निघायचं आहे, सामान बांधायचं आहे, गावचं घर उघडून झाडायचं आहे. तुमचे जावई तर आत्तापासून होडीची भाषा करू लागलेत, मुंबईचा माणूस, पोहताही येत नाही. आज जेवताना मी सवयीने माझ्या ताटात अर्धाच भात घेतला, आणि मग उठून कुकरमधला उरलेला सगळा वाढून घेतला. त्यांनी नुसतं वर बघितलं आणि लिंबाची फोड पुढे सरकवली.

हे पत्र कुठल्या पेटीत पडणार नाही, लेकीलाही दाखवणार नाही. एक तेवढं सांगून ठेवते, कारण दुसऱ्या कुणाला सांगायची सोय नाही. काल वॉर्डात माझा निरोप झाला. केक होता, फुलं होती, कोट्टयमची मुलगी हुंदके देत होती, हेड नर्सने चार शब्द बोलताना चष्मा काढला. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं म्हणून मीही डोळ्यांना रुमाल लावला. बाबा, रुमाल कोरडा होता. मला फक्त भूक लागली होती.