भुसकटाचा साबण

प्रिय आई,

जिंकलो! आधी एवढं लिहून टाकते, नाहीतर पोटात राहायचं नाही. आमचा भुसकटाचा साबण पास झाला, तोही तू इतकी वर्षं जिथे चादरी धुतल्यास, त्याच हॉस्पिटलच्या धुलाईघरात. तू ज्या मशीनला कुंभकर्ण म्हणायचीस ना, त्याच मशीनमध्ये!

मळणीनंतर उरलेल्या गव्हाच्या भुसकटाला कोण विचारतं? आम्ही त्यातली साखर सोडवली आणि वनस्पती तेलातून काढलेल्या मेणचट भागाशी तिचं लग्न लावलं. आता साखरेचं टोक पाणी धरतं, तेलाचं टोक मळ धरतं, आणि दोघं मिळून डागाला घराबाहेर काढतात. पण हे लग्न जुळता जुळत नव्हतं. पहिल्यांदा बाटलीभर फेस आला तेव्हा आम्ही प्रयोगशाळेत नाचलो होतो, बॉसबाईंसकट. मग कळलं, त्यांनीच ती बाटली भांड्यांच्या साबणाने धुतली होती आणि नीट विसळली नव्हती. सगळा फेस त्या साबणाचा! तू असतीस तर तिथेच त्यांचा कान धरला असतास.

शेवटी लग्न जुळलं, पण आमच्या साबणाला फेस बेताचाच. त्यामुळे परवा तुझी मैत्रीण, धुलाईघराची मुकादम मावशी, गुपचूप जुनी पावडर ओतायला निघाली. मी मशीनला पाठ लावून उभी राहिले, हलले नाही. चादरी बाहेर आल्या. औषधाचे, मलमाचे डाग गायब! मावशीने चादर उजेडात धरली, हुंगली, आणि मग हातमोजे काढून ओलं कापड चक्क गालाला लावलं. तिचे उघडे हात मी पहिल्यांदाच पाहिले.

तुझे मात्र मला पाठ आहेत. त्या पावडरीने चिरलेले, वेणी घालताना केसांत अडकणारे. दादाच्या मुलीला आंघोळ घालायची वेळ आली, तेव्हा आपले हात तिला बोचतील म्हणून तू स्वयंपाकघरात निघून गेलीस. मला तेव्हा फार रडू आलं होतं. हा साबण मी त्याच दिवशी मनात घेतला.

सोबत पहिली बाटली पाठवतेय. त्वचेच्या डॉक्टरांनी तुझ्या मनगटावर तपासणीची पट्टी लावली होती ना, ती याचीच. कातडी जरासुद्धा लाल झाली नाही म्हणाले. घरात उरलेली ती जुनी पावडर फेकून दे. हातांच्या चिरा भरून यायला वेळ लागेल, पण बाळालाही यायला वेळ आहे. हो आई, मला दिवस गेलेत. त्याला पहिली आंघोळ तूच घालायचीस, उघड्या हातांनी. नाही म्हणालीस तर याद राख!

तुझीच,
हट्टी शेंडेफळ