सोमेशची उत्तरं

४ फेब्रुवारी २००३, मंगळवार

आज नोकरीचा पहिला दिवस, आणि दिवस छान गेला. शिरोली एमआयडीसीतली ही फौंड्री पंपांच्या ओतीव बॉड्या करून परदेशात पाठवते. खाली भट्टी, वर ऑफिस. खिडकीशी माझं टेबल, टेबलावर कॉम्प्युटर आणि हात असलेली ऐसपैस खुर्ची. मालक रुद्रय्या अण्णा स्वतः चहा घेऊन आले. मी मुरगूडची म्हटल्यावर म्हणाले की मुरगूडच्या माणसाला काम सांगावं लागत न्हाय, थांबवावं लागतंय.

माझं काम गिऱ्हाइकांच्या ई-मेलना उत्तरं देण्याचं. एकच अट जरा विचित्र वाटली. उत्तराखाली माझं नाव घालायचं नाही, ‘सोमेश’ लिहायचं. सोमेश म्हणजे अण्णांचा भाचा. आधी हे काम तो करायचा. जर्मनीपासून अमेरिकेपर्यंत सगळे त्यालाच ओळखतात, नाव बदललं की गिऱ्हाईक बिथरतंय, असं अण्णांचं म्हणणं. माझ्या आधीच्या तिघीही सोमेशच होत्या म्हणे! मला हसू आलं. दिवसभरात एकोणचाळीस मेल आले, सगळ्यांना उत्तरं गेली.

जूनपर्यंत नोकरी पक्की झाली तर सयाजी त्यांच्या संस्थेच्या इथल्या हायस्कुलात बदली मागतील आणि भैरवी पहिलीला कोल्हापुरात जाईल. तोवर आठवडाभर मी इथं भाड्याच्या खोलीत, आणि रविवारी संध्याकाळी मुरगूडची एसटी. एमआयडीसीची सुट्टी सोमवारी असते. तो दिवस लेकीचा.

८ फेब्रुवारी, शनिवार

आज एकशे बारा. एक माणूस विचारतो, माल कधी निघणार. त्याचा साहेब विचारतो, याला उत्तर दिलंत का. मग त्या साहेबाचा साहेब विचारतो, हे दोघं काय विचारत होते. तिघांना लिहिलं की तिघांचे आभार येतात, आणि प्रत्येक आभारात एक नवा प्रश्न. अण्णासुद्धा पलीकडच्या केबिनमधून मेल टाकतात आणि लगेच दारात येऊन विचारतात, मेल बघितला व्हय?

तासाभरात उत्तर, आणि संध्याकाळी एकही मेल शिल्लक नको, ही सोमेशची शिस्त. ती मोडायची नाही. डोळे मिटले तरी ते बंद पाकिटाचं चित्र दिसतं. डबा आजही तसाच परत आला.

११ फेब्रुवारी, मंगळवार

सुट्टीनंतर दीडशे मेल तुंबलेले असतील या धास्तीनं आले. पण त्यातल्या सव्वीस जणांना उत्तरं आधीच गेली होती, सोमवारी. अण्णांनी दिली असतील म्हणून आभार मानले, तर ते म्हणाले की मी संकेश्वरला लग्नात होतो की, मला कुठं ते टायपिंग जमतंय. वॉचमन आकाराम म्हणाला, सोमवारी मेन स्विच काढलेला असतो, वर पंखासुद्धा फिरत न्हाय.

उत्तरं वाचली. सभ्य, नेमकी, माझ्यापेक्षा चांगली. खाली सोमेश.

खरं सांगायचं तर भीतीच्या आधी बरं वाटलं. सव्वीस कमी.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

ऑफिस झाडणाऱ्या धोंडुबाईला विचारलं, सोमेश कुठल्या कंपनीत गेले? ती म्हणाली, कंपनीत न्हाय बाई, मातीत. तीन वर्षं झाली. दुपारी दीड वाजता ह्याच खुर्चीत गेला, बोटं तशीच बटणांवर. त्यांच्या लिंगायतांत बसवूनच समाधी देतात. खुर्चीतनं उचलला तो बसलेलाच नेला आणि बसलेलाच ठेवला. अण्णांनी गिऱ्हाइकांना मात्र काहीच कळवलं नाही. त्याच्या नावानं रोज जबाब जात्यात, मग तू गेलास असं त्याला तरी कुणी सांगायचं, असं म्हणून ती फडकं झटकून खाली गेली.

खुर्ची बदलून मागितली. अण्णांनी मेलवर कळवलं, बघू.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

लिहायला लाज वाटते. आज मुद्दाम साठ मेल तसेच सोडून जेवायला खाली गेले. बाभळीखाली बसून सगळा डबा संपवला, पंधरा दिवसांत पहिल्यांदा. वर आले तर साठही उत्तरं गेलेली. पाठ टेकून बसले. उद्याही असंच करणार. थकलेय.

२० फेब्रुवारी, गुरुवार

सयाजींचा ऑफिसात फोन. जरा तुटक बोलत होते. रविवारी येणार नव्हतीस तर मेलवर कशाला, फोनवर सांगायचं होतंस, म्हणाले. मी असा मेल पाठवलाच नाही. त्यांनी शाळेतल्या कॉम्प्युटरवरून वाचून दाखवला. माझ्या पत्त्यावरून, माझ्याच भाषेत. काम फार आहे, येणं होणार नाही. चिमणीचं नाव मुरगूडलाच घाला. माझी वाट बघू नका.

भैरवीला मी घरात ‘चिमणे’ म्हणते. मेलमध्ये ‘चिमणी’ होतं.

हे लाडाचं नाव मी या कॉम्प्युटरवर कधीही लिहिलेलं नाही.

२२ फेब्रुवारी, शनिवार

अण्णांना राजीनामा दिला, हातानं लिहून. ते चष्म्यावरून बघत म्हणाले की अगं, सकाळीच मेल केलास न्हवं, कायम राहते म्हणून, मग हे काय नाटक? मेल दाखवला. माझं नाव, आणि खाली सवयीनं घातल्यासारखं, सोमेश.

दोनशे अठरा मेल आज. मी एकही लिहिला नाही. एकही शिल्लक नाही.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

काल भैरवी गळ्यात पडून विचारत होती, तू आता येणार नाहीस ना? ठरवलं, जे तीन वर्षांत कुणी केलं नाही ते करायचं. सगळ्यांना खरं सांगायचं. गिऱ्हाइकांना कळलं की उत्तरं थांबतील, तोही थांबेल. मग मी घरी.

संध्याकाळी सगळ्या पत्त्यांवर, सयाजींनाही, एकच मेल टाकला. सोमेश यांचं तीन वर्षांपूर्वी निधन झालं. तेव्हापासून त्यांच्या नावानं दुसरेच लिहीत आलो. माझं नाव कालिंदी.

गेला. डोळ्यांनी बघितला गेलेला.

२६ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी दहा — एकशे चाळीस उत्तरं. सगळी सांत्वनाची. कालिंदी यांच्याबद्दल वाचून वाईट वाटलं, सोमेश. तुम्ही आहात हा मोठा आधार, सोमेश.

मी लिहिलेला मेल कुठंच नाही. गेलाय तो असा: आमच्या सहकारी कालिंदी यांचं बुधवार, २६ फेब्रुवारी रोजी दुपारी दीड वाजता कामावर असताना निधन झालं. उत्तरं नेहमीप्रमाणे मीच देत राहीन.

जर्मनीच्या बाईनं काल रात्रीच विचारलंय, तारीख चुकली का? आमच्याकडं अजून पंचवीसच आहे.

तिला उत्तर गेलंय. तारीख तपासली. बरोबर आहे.

साडेअकरा — एसटीनं निघणार होते. आधी सयाजींच्या शाळेत फोन केला. शिपाई कृष्णात बोलला. सरांची बायको गेली, मेल आलाय, सर पोरीला घेऊन मोटरसायकलवरनं शिरोलीला निघाल्यात. मी म्हटलं, अरे मीच त्यांची बायको. तो ओरडला की मेल्या माणसाची चेष्टा करतीस, लाज न्हाय वाटत? फोन आपटला.

आता जाता येत नाही. ते इथंच येताहेत.

बारा दहा — फाटकाशी उभी आहे, वही घेऊन. वर जाणार नाही. दीड टळेपर्यंत इथंच. आकारामला सांगितलंय, मला हलू देऊ नकोस. तो हसला.

एक पाच — वर आहे. जिना कधी चढले — आकारामनं कसं सोडलं — ऑफिसात कुणी नाही. सगळे जेवायला. उभी आहे. बसणार नाही. उभ्यानंच लिहितेय.

एक वीस — मोटरसायकल. फाटकात. सयाजी. भैरवी पुढं टाकीवर. खिडकीतून हात केला. वर बघत नाहीत.

मेल आलाय. सकाळचा, सयाजींचा. कालिंदीला न्यायला येतोय.

त्याखाली अक्षरं उमटताहेत. एकेक. कीबोर्डवर कुणी नाही — हात माझे वहीवर आहेत, वहीवरच —

या. त्या खुर्चीतच बसल्या आहेत.

नाही. मी उभी — पाठीला खुर्ची — मी उभी होते —

जिन्यात भैरवी. आई म्हणतेय. ओ द्यायची, नुसती ओ द्यायची, आवाज — चिमणे, मी इथं —