लागली

सोमवार, ४ तारीख

आता हे लिहायचंही मीच. अंग मी पुसायचं, कूस मी बदलायची, भांडं मी धरायचं, आणि वर आजींची लघवी कशी झाली ते वहीत मांडायचं. चौथीत शाळा सुटली तेव्हा वाटलं होतं, वहीपासून सुटले.

पण जागा झकास आहे. मला वेगळी खोली, खिडकीत ऊन, नळाला गरम पाणी. दादा म्हणजे आजींचा मुलगा, त्यांनी आईसाठी काही कमी ठेवलेलं नाही. फक्त ते स्वतः दुसऱ्या शहरात असतात आणि रविवारी येऊन ही वही वाचणार आहेत. वाचा.

आठवड्याला फेरी मारणाऱ्या सिस्टरने रंग समजावले. फिकट पिवळी तर छान. गडद झाली तर पाणी वाढवायचं. चहासारखी, लाल, किंवा फेस बसेनासा झाला तर लगेच फोन. मी म्हटलं, साडी घ्यायला निघालोय का? ती हसली नाही.

लकव्याचा झटका आल्यापासून आजी एकच शब्द बोलतात. "लागली." म्हटलं की भांडं लावायचं. ते कोणी सांगायला नको, एवढं मला कळतं.

आजचा रंग: फिकट.

मंगळवार, ५

दिवसभर लागली, लागली. भांडं लावावं तर चार थेंब. काढलं की पुन्हा तेच. म्हटलं, आजी, माझी कंबर काय भाड्याने आणलीय? नुसत्या बघतात आणि भांडं ढकलतात. सकाळी मात्र चादर ओली ती ओलीच. वरून ओतलं तर खालून येणारच. दुपारनंतरचं पाणी बंद केलं. गोळीपुरता घोट.

आजचा रंग: फिकट.

गुरुवार, ७

चादर कोरडी. कपडे धुणं वाचलं. वास उग्र येतो, पण गोळ्यांनी येतोच. सिस्टरचा फोन आला, सगळं ठीक म्हणून सांगितलं.

लागली म्हणताना आजींचा हात टेबलाकडे जातो. टेबलावर पाण्याचा जग आहे. भांडं तर पलंगाखाली. म्हातारपणी दिशा कळत नसावी.

आजचा रंग: फिकट.

शनिवार, ९

आजींना दवाखान्यात हलवलं. सकाळी भांड्यात कोऱ्या चहासारखं, तेही तळापुरतं, आणि हाका मारून डोळे उघडेनात. दादा धावत आले. डॉक्टर म्हणाले, अंगातलं पाणी आटलंय, मूत्रपिंडं बंद पडायला आलीत. आई पाणी मागत नव्हती का, असं दादांनी मला विचारलं. मी म्हटलं, नाही.

परत आले, जिना चढले, घसा सुकला. शेजारच्या बाई दारात उभ्या. मी म्हटलं, "अहो, फार लागली."

त्यांनी काही विचारलं नाही. आत गेल्या आणि पाण्याचा पेला आणून दिला.

पेला धरून जिन्यावरच बसले. आजींचा हात जगाकडेच जायचा.

वर फिकट लिहिलंय. सोमवारचं खरं. बाकी खोटं.

रविवार, १०

दादा दवाखान्यातच. मला खोली धुवायला सांगितलंय. भांडं घासून पालथं घातलं.

भर दुपारी, लख्ख उजेडात, खोलीतून आवाज. लागली.

पलंग रिकामा. भांडं सुलटं. आत कोरा चहा. हात लावला. गरम.

पेला भरून ठेवला. म्हटलं, प्या आजी. वळून बघेस्तोवर रिकामा.

मंगळवार, १२

पाण्याचा जग भरते, रिकामा होतो. भांड्यातला रंग उतरतोय. दादांचा फोन आला. पिशवीतली लघवी फिकट व्हायला लागलीय, डॉक्टर खूश आहेत.

मी रडले. मग संडासात गेले.

माझी चहासारखी.

मी जगच्या जग पिते. तोंडात जातं, पुढे कुठे जातं — प्या आजी. माझ्या वाट्याचंही प्या. पण थोडं तरी —

बुधवार, १३

शेजारच्या बाईंना बोलावलं. सांगायचं होतं, मला दवाखान्यात न्या, पाणी मीच तोडलं, दादांना सांगा.

तोंडातून निघालं, "लागली."

पुन्हा तेच. तेवढंच. मी पाण्याच्या जगाकडे हात केला. त्या हसल्या, म्हणाल्या, "अहो मावशी, मग जा ना, लाजता काय?" दंडाला धरून संडासापर्यंत नेलं. बाहेरून दार ओढून घेतलं.

गुरुवार, १४

बोटं अजून लिहितात. शेजारच्या बाई उद्या आजींना बघायला दवाखान्यात जातील, वही त्यांच्या हाती देते. दादा, तिथेच वाचा.

आजींची जीभ वळायला लागली का? दुसरा शब्द आला का? त्या माझ्याबद्दल काय म्हणाल्या? पाणी तोडल्यावर आजी पाचव्या दिवशी पडल्या, माझा पाचवा शनिवारी. त्याच्या आत सांगा. रविवार नको, रविवारी मी —

आजचा रंग: लाल.

शनिवारच्या आत, दादा. माफ नका करू, फक्त विचारा त्यांना, पुरे झालं का, की अजून त्यांना लाग